एकाच बिळाची माती

मोन्जोलिन्यो, १० मार्च १९९१

झिल्दाताई,

नाताळचं कार्ड जाऊन तीनच महिने झाले आणि पुन्हा माझं अक्षर पाकिटावर, म्हणजे तू आधी वाईट बातमीच शोधत असशील. म्हणून आधी हेच लिहिते की दुर्वाल जिवंत आहे. आता बस आणि पुढचं सावकाश वाच.

मी बरी आहे. कॉफीला यंदा फळ चांगलं धरलंय. मागच्या पडवीचं छप्पर बदललं. दोना एर्सिलिया अजून शेजारीच आहे आणि अजून कुंपणावरून आमच्या घरात काय शिजतं ते बघते.

दुर्वालला गेल्या हंगामापासून खोकला आहे. तंबाखूचा असेल म्हणून मी फार मनावर घेतलं नाही, आणि मनावर घेतलं असतं तरी त्याने ऐकलं असतं असं नाही. तू त्याला ओळखतेस. मग तोंड आलं. आपल्याला उन्हाळ्यात येतं तसं नाही. हिरड्यांवर आणि ओठाच्या आत लाल, बारीक दाण्यांच्या जखमा, पिकल्या तुतीसारख्या. मिठाचा कण लागला तरी डोळ्यांत पाणी येतं. इथल्या डॉक्टरांना क्षय वाटला, त्यांनी तसं औषध दिलं, ते त्याने इमानाने घेतलं आणि तो वाळतच गेला. आता पँट सुतळीने बांधतो. आणि आवाज गेला, ताई. पूर्ण नाही, पण जो उरलाय तो गंजलेल्या बिजागरीचा आहे. डोंगराच्या त्या अंगाला उभं राहून तो गायचा आणि या अंगाला लोक काम थांबवायचे, त्या माणसाला आता मीठ मागायचं तर ताटावर चमचा वाजवावा लागतो.

गेल्या आठवड्यात दुसऱ्या एका डॉक्टरांनी घशात बघितलं, काही बोलले नाहीत आणि शहरातल्या मोठ्या रुग्णालयाची चिठ्ठी लिहून दिली. न बोलण्याचा अर्थ दुर्वालने लावला आहे. गावानेही लावला आहे. दोना एर्सिलियाने परवा मला विचारलं, ‘‘त्याचा निळा सूट अजून अंगाला होतो का गं?’’

गुरुवारी नगरपालिकेची गाडी आम्हाला घेऊन जाईल. चालक कोणी वाल्दोमिरो म्हणून गृहस्थ आहेत. फार हळू चालवतात म्हणे.

मी तुला लिहिते आहे हे दुर्वालला माहीत नाही. तुझं नाव या घरात घ्यायची सोय नाही आणि लाएर्सिओचं तर नाहीच नाही. एकोणीस वर्षं झाली तरी त्याचं तेच, की माझा गाण्यातला जोडीदार गेला तो गेला आणि जाताना बहीण घेऊन गेला. रेडिओवाल्यांनी दोघांना बोलावलं होतं, जायला नको म्हणणारा हाच होता, हे बोललं की तो उठून कोंबड्यांना दाणे घालायला जातो. आमच्या कोंबड्या फार गुबगुबीत आहेत.

उत्तर लिही असं म्हणत नाही. पण तुला कळवलं नाही असं नको.

तुझी,
ओदेते


मोन्जोलिन्यो, २ एप्रिल

झिल्दाताई,

कॅन्सर नाही. क्षय नाही. बुरशी आहे.

हे वाक्य मी लिहून पुन्हा वाचलं, कारण ते लिहितानासुद्धा मला हसू येतंय. भावाला बुरशी लागली म्हणून आनंदाने नाचणारी मी या जिल्ह्यात पहिलीच असेन.

डॉक्टर ताकेदा म्हणून एक तरुण बाई आहेत. ठेंगण्या, चष्मा नाकाच्या टोकावर, बोलणं असं की दुर्वालही सरळ बसतो. त्यांनी तोंडातल्या जखमेचा कण घेतला, काचेवर पसरला, सूक्ष्मदर्शकात बघितलं आणि मला म्हणाल्या, ‘‘या, तुम्हीही बघा.’’ मी म्हटलं मला काय कळणार. तर म्हणाल्या, ‘‘जहाजाचं चाक पाहिलंय ना चित्रात? तेच शोधा.’’ आणि होतं, ताई. एक गोल, जाड कडेचा, आणि त्याच्या भोवती सगळीकडून छोटे छोटे गोल फुटलेले, खलाशी धरतो त्या चाकासारखं. सुंदर होतं. माझ्या भावाला खात होतं आणि सुंदर होतं.

मग त्यांनी विचारलं, ‘‘लहानपणी मातीत खेळायचात?’’

दुर्वालने कशीबशी घरघर केली, ‘‘मातीत जगायचो.’’

‘‘तातूची बिळं खणायचात?’’

आम्ही दोघांनी एकमेकांकडे पाहिलं. तुझी आठवण आली. ओढ्याकाठच्या त्या ओलसर उतारावर तू कुदळ घेऊन पुढे, आम्ही दोघं कोपरापर्यंत बिळात, मागे लाएर्सिओ पोतं धरून. अंगावर चिलखत घेऊन बिळं खणणारा तो तातू, त्याच्या कवचाची तू परडी केली होतीस आणि आईने ती अंडी ठेवायला घेतली होती. ही बुरशी तिथली आहे. त्या जनावराच्या बिळात, ओलसर मातीत राहते. मातीत ती गोल नसते. पांढरे धागे असतात, कापसासारखे, निरुपद्रवी. धाग्यांना धुळीपेक्षा बारीक बी येतं, ते आपण खणताना नाकात जातं. छातीत गेलं की त्याला ऊब लागते आणि ऊब लागली की ते रूप बदलतं. धागा राहत नाही, गोळा होतो. जाड सालीचा आणि मोठा. डॉक्टरबाई म्हणाल्या, रक्तातले पहारेकरी धुळीचा कण सहज गिळतील, पण एवढा गोळा त्यांच्या तोंडात मावत नाही. शिवाय तो सालही अशी बदलतो की त्यांना तो परका वाटतच नाही. मग तिथेच झोपून राहतो, वीस वर्षं, तीस वर्षं. माणूस थकला, तंबाखू आणि उसाची दारू वाढली की जागा होतो.

‘‘म्हणजे रूप बदललं नसतं तर?’’ मी विचारलं.

‘‘तर काही झालंच नसतं. अंगाच्या उबेत धाग्याला जगता येत नाही. सगळा आजार त्या एका बदलात आहे.’’

त्यांनी मला दोन काचेच्या नळ्या दाखवल्या. दोन्हींत एकच बुरशी. कपाटातल्या नळीत कापूस, आणि उबदार पेटीतल्या नळीत फ्लॉवरच्या तुकड्यासारखा सुरकुतलेला पिवळट गोळा. मी विचारलं, हे भाऊभाऊ का? त्या म्हणाल्या, भाऊ नाही, तोच तो.

औषध आहे. सल्फाच्या गोळ्या, सकाळ-संध्याकाळ, वर्ष-दोन वर्षं, एकही न चुकवता. तंबाखू बंद. डॉक्टरबाईंनी हात पुढे केला आणि म्हणाल्या, ‘‘खिशातलं इकडे.’’ दुर्वालने कणसाच्या सालीत वळलेल्या विड्या काढून दिल्या आणि विचारलं, ‘‘तुम्ही ओढता का?’’ बाई हसल्या नाहीत, पण चष्मा पुसायला लागल्या.

आणि हे एका माणसाकडून दुसऱ्याला लागत नाही. मी वर्षभर त्याचा कप वेगळा उकळत होते. घरी आल्यावर अंगणात, दोना एर्सिलिया कुंपणावर असताना, मी त्याच्या कपातली उरलेली कॉफी पिऊन टाकली. तिने छातीवर क्रूस काढला. दुर्वाल इतका हसला की खोकल्याने वाकला.

येताना वाल्दोमिरो यांनी गाडी रस्त्याकडेला थांबवली आणि आम्हाला पेरूची वडी आणि चीज खायला घातलं. आनंदाची बातमी आहे, ती रिकाम्या पोटी घरी नेऊ नये, असं म्हणाले. मऊ होती, दुर्वाललाही गिळता आली. खरंच फार हळू चालवतात.

ओदेते


मोन्जोलिन्यो, १९ मे

झिल्दाताई,

तुझं उत्तर नाही. ठीक आहे. पण हे पत्र नीट वाच, यात तुझं काम आहे.

दुर्वालच्या तोंडातल्या जखमा सुकतायत. परवा त्याने पावाचं कडकडीत टोक खाल्लं, आणि मी बघतेय का हे बघून दुसरं खाल्लं. वजन वाढतंय. घसा मात्र आतून अजून लाल आहे.

मला एकच प्रश्न कुरतडत होता. आम्ही जुळे. एका पोटात राहिलो, एका बिळात हात घातले, एक धूळ खाल्ली. मग हा असा आणि मी धडधाकट, हे कसं? मागच्या खेपेला डॉक्टरबाईंना विचारलंच. त्यांना जणू कोणी आवडतं गाणं म्हणायला सांगितलं. माझ्या हाताच्या कातडीत एक बारीक सुई टोचली आणि म्हणाल्या दोन दिवस राहा. दुसऱ्या दिवशी तिथे लाल, टणक गाठ आली. ‘‘हे बघा, तुमच्या अंगालाही ओळख आहे. तुम्हीही ते बी छातीत घेतलं होतं. फक्त तुमच्यात त्याचं रूप बदललं नाही.’’

आणि मग त्यांनी मला तिसरी नळी दाखवली. तीही उबदार पेटीतलीच. पण तिच्यात बायकांच्या अंगात असतो तो रस थोडा मिसळलेला होता, पाळी ज्याच्यावर चालते तो. आत कापूस होता, ताई. उबेत ठेवूनही धागे ते धागेच. गोळा व्हायची त्याची धडपड तो रस अडवतो. म्हणून हा आजार शेतात राबणाऱ्या पुरुषांना होतो, आणि त्याच शेतात त्यांच्या बरोबरीने राबणाऱ्या बायकांना क्वचितच.

मी खुर्चीवर बसले. ओर्लांदोशी संसार केला ती वर्षं आठवली. दर महिन्याला मी वाट बघायची आणि दर महिन्याला पाळी यायची, आणि मी न्हाणीघरात तोंडात टॉवेल कोंबून रडायची. तुला कधी लिहिलं नव्हतं हे. मला वाटायचं हे अंग काही कामाचं नाही. आणि ते अंग तेव्हा दारात पहारा देत बसलं होतं, मला न सांगता. डॉक्टरबाईंनी पाणी आणून दिलं. मी रडत नव्हते, हसत होते, त्यांना वाटलं उलट.

दुर्वालला त्यांनी हे समजावलं तेव्हा त्याने आधी ती तिसरी नळी उजेडात धरून पाहिली. मग घरघरत म्हणाला, ‘‘म्हणजे मी बाई असतो तर वाचलो असतो?’’

‘‘हो.’’

‘‘आता उशीर झाला का?’’

या वेळी बाई हसल्या.

आता काम. त्या बिळांशी आम्ही दोघंच नव्हतो. तू होतीस, तुझी मला काळजी नाही, तू माझ्यासारखीच. पण पोतं धरून लाएर्सिओ उभा असायचा, सगळी धूळ त्याच्या तोंडावर. आणि तो पुरुष आहे, आणि गाडीच्या धुराड्यासारखा ओढायचा. डॉक्टरबाईंना मी सांगितलं तर त्यांनी पेन खाली ठेवलं आणि म्हणाल्या, ‘‘त्यांना घेऊन या. काही त्रास नसला तरी आणा.’’

ताई, राग बाजूला ठेव, आणि त्याची छाती तपासून घे. दुर्वालला विचारलेलं नाही. विचारणारही नाही.

घाईत लिहितेय. वाल्दोमिरो बाहेर उभा आहे, पत्र तोच शहरात टाकणार आहे. हॉर्नसुद्धा हळू वाजवतो.

ओदेते


मोन्जोलिन्यो, १६ जून

झिल्दाताई,

तुझं पत्र आलं. पोस्टमनने दिलं तेव्हा मी हात धुऊन घेतला आणि मग फोडलं. एकोणीस वर्षांनी चार ओळी! मोजून पाठवल्यास का गं?

तू लिहितेस, ‘‘दुर्वाल वाचला, बरं वाटलं. लाएर्सिओ ठणठणीत आहे. आमच्याकडे बुरशी भिंतीवर असते, माणसांत नाही.’’ जीभ तीच आहे तुझी, बघून फार बरं वाटलं. मी ते वाक्य दुर्वालला वाचून दाखवलं. हो, दाखवलं. पत्र हातात होतं, लपवायला जागा नव्हती. त्याने ऐकलं, उठला, कोंबड्यांकडे गेला. पण दाणे न घेता गेला.

चौथ्या ओळीत तू विचारतेस की पहिल्या दोन पत्रांत वाल्दोमिरो ‘ते’ होते, तिसऱ्यात ‘तो’ कसा झाला. घाईत झालं. शाई कमी होती. ते एक सज्जन विधुर गृहस्थ आहेत, रुग्णांना ने-आण करतात, सगळ्यांशीच चांगलं वागतात. संत जोआवच्या जत्रेला त्यांच्याबरोबर येते का, असं त्यांनी विचारलं ते फक्त दुर्वालला शेकोटीचा धूर सोसणार नाही म्हणून, मला सोबत हवी म्हणून. पामोन्या मी करते त्या त्यांना आवडतात. कोवळा मका किसून कणसाच्या सालीत बांधायचं काम किती किचकट असतं तुला माहीत आहे, तर ते शेजारी बसून बांधून देतात. गाठ मारायला त्याला येत नाही, सगळ्या सुटतात, पण बसतो.

आता हे खोडत नाही. असू दे.

लाएर्सिओचं मात्र पुन्हा लिहिते. ठणठणीत आहे असं तू लिहिलंस, आणि त्याच्याखाली काहीतरी लिहून खोडलंस. उजेडात धरलं तर ‘खोकला’ असं दिसतं. ताई, दुर्वालचाही खोकलाच होता. त्याला मी तंबाखूचा म्हटलं.

ओदेते


शहर, रुग्णालय, २८ जुलै

झिल्दाताई,

आधी बस. बसलीस?

तुला सांगितलं तसा लाएर्सिओ कामासाठी सांतोसला गेलेला नाही. तो इथे आहे, आमच्या समोरच्या खाटेवर, आणि आत्ता डोक्यावरून पांघरूण घेऊन झोपल्याचं सोंग करतोय, कारण मी तुला लिहितेय हे त्याला कळलंय.

बरा आहे. म्हणजे आजारी आहे, पण बरा होणार आहे. मे महिन्यातलं माझं पत्र तू टेबलावर ठेवलं होतंस, ते त्याने वाचलं. खोकला त्याला हिवाळ्याच्या आधीपासून होता. तुला ऐकू जाऊ नये म्हणून तो नळ सोडून खोकायचा म्हणे. तू नाराज होशील म्हणून नाही. तू घाबरशील म्हणून. शेवटी एका सकाळी शर्टाची कॉलर दोन बोटं सैल लागली आणि तो बसमध्ये बसला.

आता नीट सांगते, कारण तू इथे असायला हवी होतीस.

दुर्वालला घसा तपासायला आणलं होतं. घशातली सूज उतरतेय, पण स्वरतंतूंवरच्या जखमा अजून ओल्या आहेत, म्हणून डॉक्टरबाईंनी त्याला बोलायची बंदी केली आहे. कुजबुजसुद्धा नाही. तपासणीच्या खोलीतून आम्ही बाहेर आलो तर बाकावर टोपी मांडीवर घेऊन लाएर्सिओ. केस पिकलेत गं. पण बसण्याची पद्धत तीच, एक पाय दुमडून.

दुर्वाल थांबला. त्याच्या मानेच्या शिरा फुगल्या, तोंड उघडलं. एकोणीस वर्षं साठवलेलं सगळं तिथे दातांच्या मागे उभं होतं. आणि आतून डॉक्टरबाईंचा आवाज आला, ‘‘दुर्वाल, एक शब्द नाही.’’

तोंड मिटलं. मग त्याने हात वापरला. लाएर्सिओकडे बोट केलं, मग दाराकडे.

‘‘काय म्हणतोय?’’ लाएर्सिओने मला विचारलं.

मी म्हटलं, ‘‘उभा का राहतोस, बस म्हणतोय. दारातून वारा येतो.’’

लाएर्सिओ अर्धवट उठला होता, तो पुन्हा बसला. दुर्वालने माझ्याकडे असं पाहिलं की दुसरी कुणी असती तर पळाली असती. मग त्याने दोन्ही हातांची बोटं पसरून वर्षं मोजली, दहा आणि नऊ, आणि मूठ छातीवर आपटली.

‘‘आणि आता?’’

‘‘म्हणतोय, एकोणीस वर्षं झाली, फार आठवण आली.’’

दुर्वालने बाकावर जोरात थाप मारली. तोंडाने नाही-नाही, मान इकडून तिकडे. पण उशीर झाला होता. लाएर्सिओचे डोळे भरले आणि तो टोपीकडे बघत म्हणाला, ‘‘मलाही. दुसऱ्या कुणाबरोबर सूर लागलाच नाही. दोन वर्षांत रेडिओ सोडला मी, तुला कळवायची लाज वाटली.’’

आता कर ना भांडण अशा माणसाशी. दुर्वालचे हात हवेत तसेच राहिले. मग तो बाकावर बसला, मध्ये एक जागा सोडून. थोड्या वेळाने त्याने लाएर्सिओच्या खिशातलं सिगारेटचं पाकीट काढलं, तपासणीच्या खोलीत जाऊन डॉक्टरबाईंच्या टेबलावर ठेवलं, आणि परत येऊन बसला तो मधली जागा न सोडता.

वाल्दोमिरो जिन्याशी उभा राहून सगळं बघत होता. मला म्हणाला, ‘‘तुला दुभाषी म्हणून सरकारात नोकरी मिळेल.’’

लाएर्सिओच्या दोन्ही फुप्फुसांत डाग आहेत. थुंकीत तेच चाक सापडलं, मी स्वतः पाहिलं. डॉक्टरबाई म्हणाल्या की घसा अजून स्वच्छ आहे, जखम कुठेच नाही, वेळेवर आलात. आणखी एक वर्ष नळ सोडून खोकला असता तर हे म्हणता आलं नसतं. एकाच बिळाची माती, ताई. दोघांच्या छातीत एकाच वेळी गेली असेल.

तेव्हा ये. शुक्रवारी त्याला घरी सोडतील. दुर्वालला आम्ही उद्याच नेणार, त्यामुळे तुमची गाठ पडायची नाही, तुला अवघड वाटत असेल तर हे सांगून ठेवते. लाएर्सिओला ओरडू नकोस. निदान इथे नको, वॉर्डमधले सगळे ऐकतात, आणि त्यांना आता या कथेची गोडी लागली आहे.

ओदेते


मोन्जोलिन्यो, ८ डिसेंबर

झिल्दाताई,

तू लाएर्सिओला न्यायला आलीस आणि वॉर्डभर ओरडलीसच, असं परिचारिकेने सांगितलं. मग त्याच्या खाटेवर बसून त्याला भरवलंस हेही सांगितलं. डॉक्टरबाई म्हणतात, त्याच्या छातीचे डाग निम्मे उरलेत. दर महिन्याला दोघं तपासणीला येतात तेव्हा रुग्णालयाच्या बागेत बसलेले असतात, हे लाएर्सिओने तुला सांगितलं असेलच. काय करतात ते सांगितलं नसेल.

सप्टेंबरात बोलण्याची बंदी उठली. दुर्वालने मला बाहेर काढलं, एकट्याने म्हणून बघायचं होतं. मी दाराशी उभी होते, अर्थात. आधी काही नाही. मग एक आवाज आला आणि मला वाटलं आत दुसरं कुणीतरी आहे. खोल, भरलेला, विहिरीतून आल्यासारखा. त्याचा तो वरचा, डोंगर ओलांडणारा आवाज नव्हता. डॉक्टरबाईंनी सांगितलं होतं की घशात वण राहतील आणि तो आवाज परत यायचा नाही. मी तिथेच दाराला टेकून राहिले. मला वाटलं आता हा मोडणार. दार उघडलं. बाहेर येऊन म्हणाला, ‘‘ओदेते, माझ्या गळ्यात बाबा येऊन बसलेत.’’ आणि त्याच आवाजात त्याने शेजारी हाक मारली, ‘‘दोना एर्सिलिया, निळा सूट आता घट्ट होतो.’’ बाबांना जाऊन बारा वर्षं झालीत. तिने हातातली बादली टाकली.

त्या दिवसापासून गातो आहे. सकाळी गोळी घेतो आणि गातो. कोंबड्यांना दाणे घालतो तेव्हाही, आणि आता ते राग आल्यावर नाही.

आता माझं. तू हसशील, हस.

वाल्दोमिरोने मला तोडणीच्या शेवटी कॉफीच्या ओळींत विचारलं. आम्ही पिकलेली फळं वेचत होतो, त्याने हळूच विचारलं, आणि ‘हळू’ म्हणजे काय ते तुला आता कळलं असेल. इतक्या हळू विचारलं की माझी परडी भरली तरी वाक्य संपलं नव्हतं. मी मध्येच हो म्हटलं. तो म्हणाला, ‘‘थांब, मला पूर्ण करू दे, मी गाडीत पाठ केलंय.’’ मग पूर्ण ऐकलं. चांगलं होतं. पुन्हा हो म्हटलं.

अठ्ठेचाळिसाव्या वर्षी लग्न करतेय. पाळी या महिन्यात आली नाही आणि मला कळलं की पहारा आता उठायला लागलाय. डॉक्टरबाईंना विचारलं, मी काळजी करू का? त्यांनी हातावरची ती जुनी जागा दाबून पाहिली आणि म्हणाल्या, ‘‘तंबाखू नाही, दारू नाही, वर्षातून एकदा छातीचा फोटो. बाकी वेळ नवऱ्याबरोबर घालवा.’’ त्याही येणार आहेत. दुर्वालने त्यांना बोलावलं आणि वर सांगितलं की विड्या परत आणू नका.

लग्न शनिवारी, अकरा जानेवारीला, इथल्या छोट्या चर्चमध्ये. जेवण अंगणात. मी तुला ये म्हणत नाही, कारण ते या वेळी मी म्हणायचं नाही असं ठरलंय. खाली जागा सोडली आहे. बघ कोण लिहितं ते.

तुझी,
ओदेते

ताई,

ओदेतेने अर्धं पान सोडलंय, मला एवढं लागत नाही.

तुझ्या नवऱ्याला वरचा सूर झेपत नाही. मी खालच्या सुरात उतरल्यामुळे वरचं त्याने सांभाळायला हवं, तर मान कोंबड्यासारखी ताणतो आणि चूक माझी काढतो. बागेत महिन्यातून एक दुपार पुरत नाही. लग्नात शोभा व्हायला नको असेल तर त्याला आठ दिवस आधी घेऊन ये. गोळ्या विसरू नकोस, त्या तो विसरतो.

तूही राहा. ओदेतेने तुझी खोली झाडली आहे. पलंग मी खिडकीशी सरकवला, सकाळचं ऊन येतं तिथे.

दुर्वाल